वेताळाचा वसा

गेल्या काही वर्षांपासून आमच्या सुशिक्षित वर्गात एक नवाच शोकरस उत्पन्न झाला असून त्याचे पाट जिकडे तिकडे वाहताना दिसत आहेत. चाळिशी-पन्नाशी उलटलेले, पोटापाण्याची विवंचना बव्हंशी मिटलेले गृहस्थ चार स्नेही जमले की बालपणी वाचलेल्या चित्रकथांचा विषय काढतात. वेताळाची कवटीच्या आकाराची गुहा, मँड्रेकचे हातवारे, बहादूरचा भगवा सदरा ह्यांचे वर्णन करता करता सद्गदित होतात. आणि अखेरीस दीर्घ निःश्वास टाकून 'आजकालच्या पोरांना त्याची काय गोडी!' असा समारोप करतात. ह्या बाबतीत यवतमाळ, पुसद, वणी किंवा दारव्हा येथील मंडळी पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या मागे आहेत असे मुळीच नाही. आठवण काढण्यास आमची हरकत नाही. ज्याला स्वतःचे बालपण आठवत नाही त्याच्या हातून बालकांचे हित होण्याची आशा थोडीच. आमची हरकत आहे ती त्या समारोपास. तो असत्य आहे, आणि असत्य असून निरुपद्रवी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. व ते सप्रमाण मांडण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. वेताळ हा मूळचा अमेरिकेचा. ली फॉक ह्या लेखकाने १९३४ साली मँड्रेक जादूगार निर्माण केला आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी 'फँटम'ची चित्रमाला वर्तमानपत्रांत सुरू केली. ज्याच्या नावाने आज सारे जग महावीरांची गणना करते तो सुपरमॅन जून १९३८ मध्ये अवतरला. म्हणजे अंगास चिकटून बसणारा पोशाख घालणारा आणि मुखवट्याआड डोळ्यांच्या बाहुल्या न दाखविणारा हा वनवासी वीर त्या सर्वांचा वडील बंधू म्हटला पाहिजे. हिंदुस्थानात मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या बेनेट कोलमन कंपनीने 'इंद्रजाल कॉमिक्स' ही माला काढली. तिचे पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे होते. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली, आणि डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती ह्यांनी निर्मिलेला व गोविंद ब्राह्मणिया ह्यांनी चितारलेला बहादूर हा अस्सल देशी वीर त्यांत सामील झाला. माला प्रथम मासिक, मग पाक्षिक व शेवटी साप्ताहिक झाली, तिचे आठशेंच्या आसपास अंक निघाले, आणि १९९० साली ती बंद पडली. आज जे गृहस्थ उसासे टाकतात त्यांच्या बालपणाची कालमर्यादा ही एवढी.

आता ह्या इतिहासातील जी गोष्ट आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची ती उसासे टाकणारांच्या तोंडून सहसा निघत नाही. ती ही की, तो वीर आमच्या मुलांच्या हाती आला तो मराठी होऊन आला. 'फँटम' ह्या शब्दास कोशातून भूत, पिशाच, छाया असे कितीतरी प्रतिशब्द मिळाले असते; परंतु मराठी मुलासमोर तो उभा राहिला 'वेताळ' म्हणून. गावाच्या शिवेवर शेंदूर माखून बसलेला, भुतांचा राजा असूनही गावाचा राखणदार मानला गेलेला, विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा जो वेताळ आजीच्या कथांतून आणि १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या 'चांदोबा'तून घरोघर ओळखीचा होता, त्याचे नाव ह्या परदेशी पाहुण्यास मिळाले, आणि एका नावानिशी तो घरचा झाला. भाषांतराचे ह्याहून मोठे यश कोणते? मूळ चित्रकथेतील देशाचे नाव ह्या मालेत 'डेंकाली' झाले, चाच्यांच्या टोळीचे 'सिंग' हे नाव आपल्याकडील वाचकांस खटकेल म्हणून 'सिंगा' झाले. म्हणजे तो मजकूर आपल्या वाचकाचा विचार करून हाताळला गेला होता. जसाच्या तसा उचलून आणलेला नव्हता.

ह्याचे मोल यवतमाळ जिल्ह्यासारख्या प्रदेशात विशेष होते. येथील मुलाची घरची बोली वऱ्हाडी. तांड्यावरच्या मुलाची गोरमाटी. केळापूर, झरी, मारेगावकडील पोडांवर कोलामी. कोठे गोंडी, तर सीमेवर तेलुगूचाही संपर्क. अशा मुलास छापील मराठी ही प्रथम भेटते ती पाठ्यपुस्तकात, आणि तिच्याबरोबर भेटतो तो गुरुजींचा धाक. पण ज्याच्या ज्याच्या हाती वेताळाचा अंक पडला त्याने तीच छापील मराठी, तीच क्रियापदे, तेच पूर्णविराम आणि उद्गारचिन्हे, कोणी न सांगता, जेवणाचे ताट निवत ठेवून वाचली. प्रमाणभाषा आपली वाटावयास लावण्याचे काम कित्येक शिक्षणाधिकाऱ्यांस साधले नाही ते ह्या अंकांनी सहज साधले. म्हणून आम्ही म्हणतो की त्या अंकांचे आमच्यावर जे ऋण आहे ते मुख्यतः भाषेचे आहे. पोशाखाचा रंग, घोडा, लांडगा आणि कवटीच्या ठशाची अंगठी हे त्या ऋणाचे बाहेरचे वेष्टन होय.

आणि आता शोकसभेचे अध्यक्ष काय करतात ते पाहा. त्यांस ली फॉकचे नाव ठाऊक आहे. रे मूर, विल्सन मॅकॉय, साय बॅरी ह्या चित्रकारांच्या शैलींतील भेदावर ते तासभर बोलतील. कोणत्या अंकाचे मुखपृष्ठ कोणी रंगविले ह्यावर हातघाईवर येतील. परंतु वेताळाच्या तोंडची ती मराठी वाक्ये कोणी लिहिली, हा प्रश्न त्यांच्यापैकी किती जणांनी कधी विचारला आहे? ज्याच्या शब्दांवर आपण वाचावयास शिकलो त्याचे नाव जाणून घेण्याची इच्छा ज्यांस होत नाही, त्यांच्या कृतज्ञतेस कृतज्ञता म्हणावयास आम्ही तयार नाही.

दुसरी गोष्ट. हे अंक फिरत असत. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीने धामणगावास उतरावे आणि तेथून मोटारीने यवतमाळ गाठावे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची वाट. मुंबईत छापलेल्या कागदास वऱ्हाडच्या ह्या कोपऱ्यात पोहोचण्यास विलंब लागे, आणि पोहोचलेल्या प्रती थोड्या असत. म्हणूनच एक प्रत दहा घरे हिंडे. उन्हाळ्याच्या सुटीत दोरीवर अंक टांगून ते दिवसाच्या भाड्याने देणारी पोरे गल्लोगल्ली दुकान थाटीत. बसस्थानकावर घेतलेला अंक प्रवास संपेपर्यंत शेजारच्या चार बाकांवरून फिरून येई. त्याचे मुखपृष्ठ गळे, कोपरे दुमडत, शेवटचे पान नाहीसे होई आणि गोष्टीचा शेवट एकाने दुसऱ्यास तोंडी सांगावा लागे. मूळ इंग्रजीत वेताळाचे बिरुदच 'चालते भूत' असे आहे. आमच्या जिल्ह्यात ते अक्षरशः खरे होते. आज तेच अंक पारदर्शक पिशवीत बंद होऊन कपाटात बसले आहेत. ज्याच्यापाशी ते आहेत तो ते मुलांच्या हातास लागू देत नाही, कारण हाताळल्याने किंमत उतरते. मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी त्यांची खरेदी-विक्री चालते. चालत्या भुतास बाटलीत भरण्याची ही विद्या मांत्रिकांस शोभेल. वाचनावर प्रेम असल्याचा दावा करणारांस ती शोभत नाही.

येथे आमचे प्रतिपक्षी दोन आक्षेप घेतील ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा की, 'आताची मुले वाचतच नाहीत. त्यांच्या हाती भ्रमणध्वनी आला, तेथे आमचा काय इलाज?' हा आक्षेप ऐकला म्हणजे आम्हांस हसू येते. कारण बरोबर हीच तक्रार, केवळ वस्तूचे नाव बदलून, ह्या गृहस्थांच्या वडिलांनी त्यांच्याविषयी केली होती. १९५४ साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्टम ह्या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले बिघडतात असे प्रतिपादणारा ग्रंथ लिहिला. तेथील सिनेटच्या उपसमितीपुढे त्यावर साक्षी झाल्या, आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर निर्बंधांची संहिता लादून घेतली. आमच्याकडे असे सोहळे झाले नाहीत, तरी 'चित्रांची पुस्तके वाचून डोके पोकळ होते' हे वाक्य ज्या मराठी घरात उच्चारले गेले नाही असे घर विरळा.

परंतु त्या वडील पिढीत आणि ह्या पिढीत एक मोठे अंतर आहे, आणि ते ह्या पिढीस भूषणावह नाही. ती पिढी कुरकुरली, पण तिने मुलांसाठी काही निर्माण केले. वा. गो. आपटे ह्यांनी १९०६ साली 'आनंद' मासिक काढले. भा. रा. भागवतांनी 'बालमित्र' चालविले, ज्यूल व्हर्नच्या कथा मराठीत आणल्या, आणि फुरसुंगीच्या बनेश फेणे ह्या हाडकुळ्या पोरास महाराष्ट्राचा लाडका वीर करून सोडले. सरकारी पाठ्यपुस्तक मंडळासारख्या रुक्ष समजल्या जाणाऱ्या संस्थेने १९७१ साली 'किशोर' मासिक सुरू केले. ते आजही निघते, आणि त्याचे जुने अंक कोणासही फुकट पाहता येतील असे संगणकावर मांडून ठेविले आहेत. आता आजच्या शोकाकुल पिढीचा हिशेब मांडा. तिच्या हाती मागील पिढीहून अधिक पैसा आहे, छपाई स्वस्त झाली आहे, चित्रे क्षणार्धात गावोगाव पोहोचतात. आणि तिने आपल्या मुलांसाठी मराठी चित्रकथांची कोणती नियमित माला उभी केली? काही थोडे प्रकाशक व मासिके नेटाने हे काम करीत आहेत, त्यांचा आम्ही आदरच करितो. परंतु त्यांच्या वर्गणीदारांत ह्या शोकसभेचे सभासद किती आहेत, हे ज्याचे त्याने आपल्या मनास विचारावे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: 'मराठीत असल्या गोष्टींस बाजार नाही.' ह्यास उत्तर म्हणून आम्ही एका शीत देशाचे उदाहरण देतो. स्वीडनची लोकसंख्या सुमारे एक कोटी. त्या देशात हाच वेताळ 'फँटोमेन' ह्या नावाने १९५० पासून स्वतःच्या नियतकालिकात स्वीडिश बोलू लागला. १९६३ पासून तेथील मंडळींनी अमेरिकेच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या नव्या कथा स्वतः तयार करविण्यास आरंभ केला, आणि हा क्रम कित्येक दशके चालला. मराठी ही मातृभाषा सांगणारांची संख्या २०११ च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाख भरली. एक कोटीस जे साधते ते आठ कोटींस साधत नाही, ह्यास बाजाराचा दोष म्हणावे की मनाचा? फार दूर जावयास नको म्हणाल तर आपल्याच देशात पाहा. बंगालीत नारायण देवनाथ ह्यांनी १९६५ साली 'बाटुल द ग्रेट' हा बनियन-अर्ध्या चड्डीच्या थाटाचा, छातीवर गोळी आदळली तरी न डगमगणारा महावीर निर्मिला, आणि त्याच्या कथा ते दशकानुदशके लिहीत व चितारीत राहिले. २०२१ साली त्या वृद्ध चित्रकारास पद्मश्री मिळाली. तमिळमध्ये १९७२ साली निघालेल्या 'मुत्तु कॉमिक्स'ने परदेशी वीरांस तमिळ बोलावयास लावण्याचा उद्योग पुढे पन्नास वर्षे टिकवून दाखविला. बंगाल्यास व तमिळास बाजार सापडला. मराठी माणसास तेवढे उसासे सापडले!

ह्या दोन आक्षेपांशिवाय एक तिसरा आक्षेप उलट बाजूने येईल, आणि तो आम्ही अधिक गंभीर समजतो. कोणी म्हणेल, 'हा वेताळ म्हणजे तरी कोण? काळ्या लोकांच्या अरण्यात एकवीस पिढ्या राज्य करणारा गोरा माणूस! त्याच्या शब्दाबाहेर एकही टोळी जात नाही, त्याच्याशिवाय त्यांच्यातील एक भांडण मिटत नाही. असला साहेबी आदर्श मुलांच्या हाती पुन्हा कशास द्यावयाचा?' हा आक्षेप खरा आहे, आणि तो खरा आहे हे न सांगणे हाच ह्या स्मरणरंजनाचा सर्वांत मोठा दोष होय. यवतमाळ जिल्ह्याइतका हा आक्षेप समजण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास आहे? जुलै १९३० मध्ये वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे ह्यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला आणि कारावास पत्करला. अरण्य कोणाचे, गवत कोणाचे, सरपण कोणाचे, हा प्रश्न ह्या मातीत इतक्या उघडपणे विचारला गेला होता. त्यानंतर चौतीस वर्षांनी ह्याच जिल्ह्याची मुले अशा अरण्याची कथा वाचू लागली की जेथे रानातील माणसे स्वतः काहीच ठरवीत नाहीत, ठरवितो तो गुहेत सिंहासनावर बसलेला एक परका! मुलांनी ती कथा आवडीने वाचली ह्यात मुलांचा दोष नाही. पण आज पन्नाशीत आलेल्या माणसाने त्या चित्रांकडे पुन्हा पाहून शेजारच्या पोडावरच्या कोलामाची एकदाही आठवण करू नये, हे मात्र बाल्य म्हणून सोडून देण्याजोगे नाही.

तरीही ह्यावरून ते अंक पेटीत पुरून टाकावे, असे अनुमान आम्ही काढीत नाही. ते मुलांस द्यावे, आणि त्याबरोबर प्रश्नही द्यावा: ह्या अरण्यात राज्य वेताळाचे का, गुरानचे का नाही? जो मुलगा हा प्रश्न विचारील तो उद्या टिपेश्वरच्या जंगलातील, कोलामांच्या किंवा बंजाऱ्यांच्या घरातील आपला स्वतःचा वीर निर्माण करील. जुन्या कथेची पूजा करणारास व तिला जाळणारास नवी कथा सुचत नाही. ती सुचते तिच्याशी भांडणारास. स्मरणरंजनाने नेमके हे भांडणच बंद पाडले आहे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आमचा सुशिक्षित गृहस्थ वेताळाचे मराठी अंक जिवापाड जपतो, आणि आपल्या मुलास इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालून घरीही त्याच्याशी अर्ध्यामुर्ध्या इंग्रजीत बोलतो. त्या मुलास मराठी अक्षरे लावता येतात, पण एक पान वाचून होईपर्यंत त्याचा जीव मेटाकुटीस येतो. बापाच्या पश्चात ते कपाट त्याच्या वाट्यास येईल, त्याची किल्लीही येईल. न येईल ती त्यातील एका अक्षराची गोडी. असा वारसा म्हणजे रद्दीच, मग तिची बोली कितीही रुपयांवर जावो. २०२० साली राज्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन्ही वेळी आमच्या वर्गाने समाधान मानले. परंतु कायद्याने भाषा परीक्षेपुरती येते, दर्जाने ती समारंभापुरती थोर होते. मुलाच्या उशाखाली ती जावयाची तर तिच्यात पुढे काय झाले हे कळण्याची तळमळ लागेल असे काहीतरी छापले गेले पाहिजे, आणि ते घरात आणले गेले पाहिजे. हे काम सरकारचे नव्हे. ते आमचे-तुमचे आहे.

वाचकांपैकी ज्यांनी ते अंक वाचले असतील त्यांस वेताळाचे गुपित ठाऊक आहेच. त्याच्या अंगी कोणतीही दैवी शक्ती नाही. तो उडत नाही, त्याला गोळी लागते, तो मरतो. शत्रू त्याला अमर समजतात ह्याचे कारण एवढेच की, बाप पडला की मुलगा तोच पोशाख चढवून उभा राहतो. पहिल्या वेताळाने आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. तीच शपथ एकवीस पिढ्यांनी घेतली. सारी कथा ह्या एका हस्तांतरावर उभी आहे. ह्यास आपल्याकडे वसा म्हणतात. ज्याने घेतला त्याने तो चालवावयाचा, आणि जाण्यापूर्वी दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा. आता कल्पना करा की विसाव्या वेताळाने मुलास अरण्यात न नेता, त्याला शपथ न देता, आपला मुखवटा काचेच्या पेटीत ठेवला असता, आणि संध्याकाळी मित्रांस बोलावून 'आमच्या वेळचे अरण्य काय होते!' असे सांगत बसला असता, तर एकविसावा वेताळ झाला असता काय? आमचे शोकाकुल गृहस्थ हे असे विसावे वेताळ आहेत. जी गोष्ट त्यांनी शंभर वेळा वाचली तिचे सार एकदाही त्यांच्या ध्यानी आले नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ज्यांच्या कपाटात जुने मराठी अंक असतील त्यांनी ते पिशवीतून काढून आपल्या गावच्या वाचनालयाच्या बालविभागात द्यावेत. दुर्मिळ असतील तर त्यांच्या प्रतिमा काढून ठेवाव्यात, पण मुलांस पाहावयास मिळतील अशा. ज्यांस त्या अनुवादकांविषयी काही ठाऊक असेल त्यांनी ते लिहून प्रसिद्ध करावे. प्रत्येक घराने मुलांच्या एका तरी मराठी नियतकालिकाची वर्गणी भरावी, आणि ते आल्यावर मुलाच्या हाती फेकून न देता आठवड्यातून एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसून मोठ्याने वाचावे. ज्या यवतमाळ नगरीने १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या व २०१९ साली अरुणा ढेरे ह्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरविली, तिला पाच-पन्नास मुलांसाठी एक फिरती पेटी चालविणे जड जाईल असे आम्हांस वाटत नाही. ती पेटी दारव्ह्यास जावो, घाटंजीस जावो, पांढरकवड्याच्या पोडांवर जावो. तीतील पुस्तकांची मुखपृष्ठे गळोत, कोपरे दुमडोत, शेवटची पाने हरवोत. ती तशी झालेली ज्या दिवशी दिसतील, त्या दिवशी आमच्या मित्रांनी वेताळाच्या आठवणी खुशाल काढाव्या; आम्हीही त्यांच्या पंगतीस येऊन बसू.